खिडकीची जागा

प्रवासी कंपनीबरोबर सहलीला गेलो होतो, हे वाक्य आपल्याकडे जरा खालच्या आवाजात बोलण्याची पद्धत पडली आहे. जे स्वतःची मोटार हाकत जातात किंवा पाठीवर बोजा बांधून एकटेच निघतात, ते म्हणे खरे प्रवासी. आणि आम्ही सारख्या रंगाच्या टोप्या घातलेली, शिट्टी वाजली की मोटारीत चढणारी, चकली खात खात हिमालय बघणारी मंडळी म्हणजे मेंढरे! असेना. मेंढरांविषयी माझे मत मुळीच वाईट नाही. लडाखच्या रस्त्यावर तर मेंढरांइतके शहाणपणाने चालणारे दुसरे कोणी मला दिसले नाही. ती घाई करीत नाहीत, एकमेकांना सोडून जात नाहीत, आणि मागून कितीही भोंगे वाजले तरी आपली चाल बदलत नाहीत.

२०२३ सालच्या जून महिन्यात आम्ही अशी सोळा मेंढरे श्रीनगरहून लेहला निघालो. आमचा धनगर म्हणजे दादरचा एक सव्वीस वर्षांचा मुलगा. वयाने सगळ्यांत लहान, म्हणून सगळ्यांनी त्याला एकमताने 'सर' करून टाकले होते. सरांनी पहिल्याच दिवशी बसण्याच्या जागांचा तक्ता लावला. रोज प्रत्येकाने एकेक रांग पुढे सरकायचे, म्हणजे ड्रायव्हरच्या मागची पहिली खिडकी आळीपाळीने सर्वांना मिळेल. दिसायला किती साधी गोष्ट! पण माणसे चाळीस वर्षे एका संसारात सुखाने राहतात आणि खिडकीवरून चार दिवसांत शत्रू होतात. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांनी त्या तक्त्याची नक्कल आपल्या वहीत उतरून घेतली आणि रोज सकाळी ते ती ताडून पाहू लागले. त्यांचे नाव साहजिकच 'खजिनदार' पडले.

दुसऱ्या बाकावर विट्याच्या काकू असत. वय अडुसष्ट, अंगाने किरकोळ, एकट्याच आलेल्या. शिवणाच्या पैशांतून चार वर्षे बाजूला टाकून त्यांनी ही सहल जमवली होती. नातवाने त्यांना २००९ सालच्या 'थ्री इडियट्स'मधले शेवटचे दृश्य दाखवले होते. त्यातले ते निळे तळे कुठे आहे, एवढाच प्रश्न त्यांनी त्याला विचारला, आणि मग शिलाईयंत्राच्या खणात एक डबा ठेवला. पँगाँगच्या दिवशी तक्त्याप्रमाणे पहिली खिडकी काकूंची येत होती. हे त्यांनी पहिल्या दिवशीच बोटांवर मोजून पाहिले होते आणि कोणाला काही न बोलता त्या खूश होत्या.

आणखी एक माणूस आमच्याबरोबर होता, पण आमच्या मोटारीत नव्हता. तो म्हणजे कंपनीचा आचारी. हर्णैचा. सगळे त्याला 'भाऊ' म्हणत. आम्ही उठण्यापूर्वी तो आम्हांला चहा पाजून, गॅसची सिलिंडरे, पातेली आणि एक पोरगेला मदतनीस यांच्यासह दुसऱ्या गाडीतून पुढे निघून जाई. आम्ही घाटात उतरून 'वा! वा!' करीत असू, तेव्हा पुढच्या मुक्कामी त्याचा कुकर लागलेला असे. डाळ सरोवर आम्ही शिकाऱ्यात रेलून पाहिले. भाऊने ते पहाटेच्या अंधारात पाहिले, कारण तिथे पाण्यावर भाजीचा बाजार भरतो. तरंगत्या वाफ्यांवर पिकवलेली भाजी होड्यांत घालून आणतात आणि होडीतल्या होडीत सौदा होतो. तिथून त्याने कमळकाकडी आणली आणि त्या रात्री तिची रस्साभाजी केली. डाळचे सौंदर्य मला तेव्हा खरे समजले असे म्हटले, तर रसिक रागावतील. पण ते सरोवर शोभेचे नाही, राबते आहे, एवढे त्या भाजीने मला सांगितले.

श्रीनगर ते लेह हा रस्ता सुमारे सव्वाचारशे किलोमीटरचा. विमानाने गेले तर माणूस सकाळी मुंबईच्या दमट हवेत असतो आणि दुपारी साडेअकरा हजार फुटांवर. डोळे पोहोचतात, शरीर मागे राहते. रस्त्याने जाण्याचा मोठा फायदा हाच, की शरीराला वाटेत सावकाश चढता येते. सोनमर्गच्या पुढे जोझिला लागतो. उंची साडेअकरा हजार फुटांच्या थोडी वर. पण भीती उंचीची नाही, अरुंदपणाची. एका बाजूला भिजलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्ये समोरून येणारा मालमोटारींचा ताफा. १ नोव्हेंबर १९४८ रोजी याच खिंडीत आपल्या सैन्याने रणगाडे चढवले होते. इतक्या उंचीवर रणगाडे येतील हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते. आमची ठेंगणी बस तिथे कण्हत चढत होती, तेव्हा ती गोष्ट मला फारच खरी वाटली. खिंडीच्या खालून बोगदा खणण्याचे काम आम्ही गेलो त्या वेळी चालू होते.

या रस्त्यावर दर काही मैलांवर माणसे दिसतात. चेहऱ्याला फडके गुंडाळलेली, डांबराच्या पिंपाशी किंवा दगडांच्या राशीशी उभी असलेली. एका ठिकाणी दरड काढीपर्यंत तासभर थांबावे लागले, तेव्हा त्यांच्यातल्या दोघांशी बोलणे झाले. ते झारखंडातल्या दुमक्याकडचे होते. दर उन्हाळ्यात इकडे येतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि बर्फ पडू लागले की घरी जातात. सीमा सडक संघटना १९६० साली निघाली. तिच्या विनोदी पाट्यांचे फोटो सगळे काढतात. पण दुमक्याची माणसे पाट्यांत नसतात. काकूंनी खिडकीतून त्यांना दशम्या दिल्या. खजिनदारांनी घड्याळ पाहिले.

द्रासला १९९९ च्या युद्धाचे स्मारक आहे आणि त्याच्या मागे तोलोलिंगचा डोंगर उभा आहे. त्या उघड्याबोडक्या उतारावर लपायला झुडूपसुद्धा नाही. खाली नावांची भिंत आहे. तिथे कोणी फारसे बोलले नाही, मीही इथे बोलत नाही.

कारगिलला रात्र काढून दुसऱ्या दिवशी आम्ही फोतुला ओलांडला. हा जोझिलापेक्षा जवळजवळ दोन हजार फूट उंच, पण रुंद आणि सभ्य. त्यामुळे त्याचे नाव कोणी काढत नाही. त्याच्या पलीकडे लामायुरू. मठ उंच सुळक्यांवर आहे, आणि त्याच्याजवळच्या दरीत पिवळट मातीच्या सुरकुत्याच सुरकुत्या पसरल्या आहेत, जणू कोणी भिजवलेले बेसन ओतून तसेच वाळू दिले आहे. ही उपमा माझी नव्हे, काकूंची. ती माती म्हणजे एका जुन्या सरोवराचा तळ आहे. सरोवर कधीच वाहून गेले. एका अर्हताने ते आटवले आणि तिथे मठाची जागा केली, अशी तिथली कथा. गंमत अशी, की काश्मीरचे खोरेही पूर्वी सतीसर नावाचे सरोवर होते आणि कश्यपाने त्याचे पाणी वाट करून काढून दिले, अशी कथा नीलमत पुराणात आहे. डोंगरातल्या माणसांना सपाट जमीन मिळते ती बहुधा तळ्याच्या तळाशीच, म्हणून दोन्हीकडे सरोवर आटवणारा ऋषी लागला असावा.

निमूपाशी झंस्कार सिंधूला मिळते. दोन रंगांची पाणी काही अंतर एकमेकांशेजारून, पण न बोलता, चालत राहतात. काकू खाली उतरून गेल्या, ओंजळभर सिंधू डोक्याला लावली आणि म्हणाल्या, "रोज आंघोळीला नाव घ्यायची, आज भेटली." परत चढून येताना त्या दोनदा थांबल्या. ते सौ.च्या लक्षात आले होते, असे तिने मला नंतर सांगितले.

लेहला पोहोचल्यावर सरांचा हुकूम एकच: दीड दिवस काही करायचे नाही. पाणी प्या, झोपा, जिने चढू नका. समुद्रसपाटीला जी हवा असते तिचा दाब लेहला साधारण दोनतृतीयांश उरतो. श्वास घेतला तरी घेतल्यासारखे वाटत नाही, आणि वहाणेचा बंद लावायला वाकले तर धाप लागते. रोज रात्री सर बोटाला लावायचा चिमटा घेऊन खोल्याखोल्यांतून फिरत आणि रक्तातल्या प्राणवायूचा आकडा वहीत मांडत. दुसऱ्या रात्री काकूंचा आकडा ७८ आला. सरांनी बोट चोळून पुन्हा लावला, ७७. मग काकूंनी कबूल केले, की डोके आदल्या दिवसापासूनच ठणकत होते आणि सकाळी उलटी झाली होती.

"मग बोलला का नाहीत, काकू?"

"बोलले असते तर नेलं असतंत का मला?"

या प्रश्नाला उत्तर नव्हते. सर आणि सौ. त्यांना सरकारी इस्पितळात घेऊन गेले. तिथल्या लडाखी डॉक्टरीणबाईंनी त्यांना तासदोन तास प्राणवायूवर ठेवले, औषध दिले आणि अगदी गोडीने सांगितले, की आजी, लेहमध्ये राहा, विश्रांती घ्या, पण इथून एक फूटही वर जायचे नाही. धाप वाढली तर विमानाने खाली. चांगला सतरा हजार फुटांच्याही वर आहे. तिथे हवेचा दाब जवळजवळ निम्माच. काकूंनी निमूटपणे मान हलवली. परत आल्या तेव्हा आम्ही सगळे जेवणघरात बसलो होतो. त्या रडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी नुसती शाल आवरून घेतली आणि भाऊला हाक मारली.

"भाऊ, तुम्ही पँगाँग कितींदा पाहिलंत हो?"

भाऊ हात पुसत बाहेर आला. "मी कशाला पाहतोय, काकू? आठ मोसम झाले लेहला येतोय. मंडळी तिकडे जातात त्या दिवशी इथे पुरणपोळी असते ना! पहाटे डाळ शिजायला घालायची. इथे ती शिजतेय कुठे लवकर?"

"उद्याची माझी खिडकी तुम्हांला दिली," काकू म्हणाल्या.

क्षणभर कोणालाच काही सुचेना. सरांनी सांगितले, की कंपनीच्या नियमात असे काही नाही. पण असे करू नये असेही कुठे लिहिलेले नाही. तेव्हा खजिनदारांनी चष्मा वर केला.

"पाळी दिलीत ते ठीक आहे, पण पोळीचं काय?"

हसू नका. तेरा तास डोंगरात हाडे खिळखिळी करून परतल्यावर गरम पुरणपोळी मिळणार, हे छापील पत्रकात होते आणि त्याचे पैसे आम्ही भरले होते. वाद झाला, आणि चांगला अर्धा तास झाला. एक बाई म्हणाल्या, की भाऊला पुढच्या वर्षी जाता येईल. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारले, आठ वर्षे जे आले नाही ते पुढचे वर्ष नवव्या वर्षी कसे येणार? कोणी म्हणाले, मदतनीस करील पोळ्या; तर त्या पोराला कणीक मळण्यापलीकडे काही येत नव्हते. शेवटी सौ.ने जाहीर केले, की चौदापंधरा जणांत बसून हादरे खाण्यापेक्षा लेहच्या बाजारात जर्दाळू घेणे तिला पसंत आहे. ती काकूंजवळ राहील आणि रात्री मंडळींना मुगाची खिचडी मिळेल. ज्यांना पोळीच हवी असेल त्यांनी पुण्याला गेल्यावर आमच्या घरी यावे. खजिनदारांनी हे आमंत्रण वहीत टिपून घेतले.

काकूंनी पिशवीतून एक नारळ काढून भाऊच्या हातात दिला. विट्याहून आणलेला. "तळ्याची ओटी भरायची होती."

पहाटे पाचला आम्ही निघालो. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या खिडकीत बसला होता, मांडीवर नारळ. कारूपर्यंत तो अगदी अवघडून गेला होता. कोणी वाढलेले आयते खाण्याची सवय नसलेला माणूस जसा पंगतीत बसतो, तसा. सक्तीच्या पुढे चढ लागला आणि तो सावरला. चांगलावर बर्फ दोन्ही बाजूंना भिंतीसारखे होते, पताका फडफडत होत्या, आणि सरांनी घड्याळ लावून दहा मिनिटांत सगळ्यांना गाडीत परत घातले. तिथे जास्त रेंगाळणारा माणूस आधी फार बोलतो आणि मग मुळीच बोलत नाही. पलीकडे उतरल्यावर तांगत्सेचे खोरे, हिरवळीवर मागच्या पायांवर उभे राहून आमच्याकडे पाहणारे गुबगुबीत मार्मोट, आणि मग तो 'पागल नाला'. सकाळी घोट्याइतके पाणी. दुपारी ऊन तापून बर्फ वितळले की गाडी अडवतो. म्हणून पँगाँगवर कितीही रमलात तरी दुपारी लवकर निघावेच लागते.

पुढे दोन डोंगरांच्या खाचेत अचानक निळी रेघ दिसली. पहिल्या खिडकीतून ती सगळ्यांत आधी दिसते. भाऊ ओरडला नाही. त्याने फक्त मागे वळून आम्हांला बोटाने दाखवले.

पँगाँग सुमारे चौदा हजार फुटांवर आहे आणि लांबी १३४ किलोमीटर. त्यातला जवळजवळ एकतृतीयांश आपल्याकडे, बाकीचा चीनच्या ताब्यात. २०२० साली याच्या काठांवर दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी होती, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये ती इथून मागे सरली. आता काठावर सिनेमातल्यासारखी पिवळी स्कूटर भाड्याने उभी असते. आमच्या निम्म्या मंडळींनी तिच्यावर बसून फोटो काढले, आणि मीही काढला. पाण्याचा रंग सांगता येत नाही. पायाशी रंगच नसतो, गोटे स्वच्छ दिसतात. जरा पुढे कच्च्या कैरीच्या सालीसारखा हिरवा. त्यापुढे निळा, आणि ढग सरकला की तो निळाही दुसराच.

भाऊ आमच्यापासून दूर जाऊन उकिडवा बसला होता. त्याने ओंजळीत पाणी घेतले, चाखले, आणि तोंडावर असा भाव आणला, जसा तो आमटी चाखताना आणतो.

"साहेब, हे खारं आहे हो!"

खारे आहेच. या तळ्यात ओढे येतात, पण त्यातून बाहेर काही जात नाही. भूशास्त्रज्ञ सांगतात, की फार पूर्वी याचे पाणी तांगत्सेकडून श्योक नदीला जात असे. पुढे ती वाट बुजली. आता पाणी जाते ते फक्त वर, वाफ होऊन. मीठ मागे राहते. मी हे सांगत होतो, पण भाऊचे लक्ष नव्हते. पाण्यावरून पांढरे पक्षी उडत होते.

"हे कुरव आमच्याकडचे!" तो उठून उभाच राहिला. "थंडीत हर्णैच्या बंदरावर असतात. मासळी उतरते तिथे. पण यांनी डोक्यावर तपकिरी टोपी काय घातलीय?"

त्याचे म्हणणे खरे होते. तपकिरी डोक्याचे कुरव उन्हाळ्यात अशा उंच सरोवरांवर वीण करतात आणि हिवाळा आपल्या किनाऱ्यांवर काढतात. टोपी फक्त विणीच्या दिवसांत असते. कोकणात येईपर्यंत ती उतरते. हर्णैच्या माणसाने ते पक्षी जन्मभर उघड्या डोक्याचेच पाहिलेले. खारे पाणी, कुरव आणि हातात नारळ! त्याने पाण्याला नमस्कार केला, नारळी पौर्णिमेला समुद्राला करावा तसा. सरांनी बजावले होते, की पाण्यात काही टाकायचे नाही. भाऊने नारळ काठावरच्या दगडावर फोडला, एक वाटी रुमालात बांधून ठेवली आणि दुसरीचे तुकडे करून सर्वांना वाटले. स्कूटरवाल्या लडाखी पोरालाही दिला. खजिनदारांनी दोन घेतले.

पागल नाला आम्ही वेळेत ओलांडला. लेहला पोहोचायला साडेसात झाले. काकू जेवणघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. आकडा ८८ वर आला होता आणि चेहऱ्याला रंग. आतून खिचडीचा वास येत होता, आणि मदतनीस पोरगा त्यांच्याकडे एकेक पळी आणून दाखवत होता.

कोणीतरी मोबाइलमधले फोटो पुढे केले. त्या ते पाहीनात. त्यांनी भाऊकडे पाहिले.

"कसं होतं?"

भाऊने रुमाल सोडून नारळाची वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि जरा विचार केला.

"खारट," तो म्हणाला.

"किती?"

"आमटीला घातलं तर मीठ निम्मं लागेल."

काकूंना ते पटलेले दिसले. "मग या खिचडीवर खोबरं किसून घाला," त्या म्हणाल्या, "आणि आधी हात धुऊन या."